रिटायर झाल्यावर राहायचं कुठं? आमचं एक साल

एसटीत ३४ वर्षं काढली, आधी कंडक्टर आणि शेवटची काही वर्षं कंट्रोलर म्हणजे वाहतूक नियंत्रक, आणि एप्रिल २०२४ च्या शेवटच्या तारखेला ५८ भरले म्हणून शाल-नारळ घेऊन घरी आलो. त्या दिवसापासून जो भेटेल त्याचा एकच प्रश्न, आता कुठे राहणार? मला वाटायचं याचं उत्तर सोपं आहे. माणूस नोकरीसाठी बाहेर पडतो, नोकरी संपली की गावाला परत जातो, आमच्या वडिलांच्या पिढीत सगळे तसेच गेले. पण बसून विचार करायला लागलो तर समोर तीन ठिकाणं उभी राहिली. चोपड्याकडे तापीकाठी आमचं गाव, तिथे वडिलोपार्जित धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर आणि मोठे भाऊ, आम्ही त्यांना जिभाऊ म्हणतो. सुरतला मुलगा. धुळ्यात देवपूरला भाड्याच्या दोन खोल्या, जिथे २२ वर्षं राहिलो. आणि चौथं अमळनेर, हिचं माहेर. खरं सांगतो, अमळनेर तेव्हा माझ्या यादीत नव्हतंच, ते नंतर आलं, कसं आलं ते पुढे लिहितो.

कंडक्टरकीत एक गोष्ट शिकलो ती म्हणजे मुक्कामी गाडी. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, संध्याकाळची शेवटची गाडी खेड्यात जाते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे शाळा-कॉलेजची पोरं, दुधाच्या कॅन, दवाखान्याची माणसं घेऊन तालुक्याला परत येते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीत नाहीतर मारुतीच्या देवळात झोपतात. गावातली माणसं "जेवन व्हयनं का भो" असं विचारून भाकरी आणून देतात. मी शिरपूर, चोपडा, पारोळा, साक्री सगळीकडे असे मुक्काम केलेत. दिवसा स्टँडवरून जे गाव दिसतं ना, ते आणि रात्री दहाला जे दिसतं ते, ही दोन वेगळी गावं असतात. रात्री कळतं की कोणत्या घरात म्हातारं एकटं खोकतंय, कोणाच्या दारात दिवा नाही, लाईट गेली की किती वेळ येत नाही. पहाटे पाच वाजता पहिल्या सीटवर कायम कोणीतरी आजारी माणूस असायचा, रात्रभर गाडी सुटायची वाट बघत बसलेला. हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं, पण स्वतःच्या बाबतीत ते आठवायला उशीर झाला.

म्हणून ठरवलं की घर घ्यायचं नाही, विकायचं नाही, आधी मुक्काम करून बघायचा. आमच्याकडे शेतावरच्या सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या गड्याचं साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुरू होतं, आखाजी ते आखाजी. हिला म्हटलं आपणही एक साल लावू, जिथे जिथे मन ओढतं तिथे त्या जागेच्या सगळ्यात अवघड दिवसांत राहू. देवपूरच्या खोल्या वर्षभर ठेवल्या, भाडं गेलं पण मागे फिरायला जागा राहिली. ज्याला जमेल त्याने हे करावंच असं मी सांगेन, लोक रिटायरमेंटच्या पैशाचा पहिला चेक हातात आला की पहिल्या महिन्यात प्लॉट घेतात आणि मग तिथे बोअरला पाणी लागत नाही.

२०२४ ची आखाजी १० मे ला होती. गावाला गेलो. आखाजी म्हणजे आमची दिवाळीच, सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके, गौराईची गाणी, खापरावरचे मांडे आणि आमरस. पहिले आठ दिवस स्वर्ग. बाहेर ४४-४५ डिग्री ऊन पण धाब्याच्या घरात जाड मातीच्या भिंती, वर मातीचं छत, दुपारी आत बसलं तर कूलरची आठवण येत नाही. रात्री धाब्यावर बाजा टाकून झोपायचं, सातपुड्याकडून वारा येतो. जिभाऊ म्हणाले, "आठेच ऱ्हाय भो, घर तुनंच शे." माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं, मनात पक्कं करून टाकलं होतं की बस, इथेच.

मग पाहुणे गेले आणि गाव दिसायला लागलं. आमच्या गल्लीत १४ घरं, त्यातल्या ८ घरांना कुलूप. पोरं सुरतला, पुण्याला, नाशिकला. धाब्यावर पावसाळ्याआधी खारी माती टाकावी लागते, नाहीतर घर गळतं, लहानपणी आम्ही सगळी भावंडं टोपल्या वर द्यायचो. आता खारी आणायला बैलगाडी नाही, टाकायला माणूस मिळत नाही, ६४ वर्षांचे जिभाऊ शिडीवर चढले आणि मी खालून टोपली देत होतो, आणि मला एकदम दिसलं की आणखी दहा वर्षांनी शिडीवर कोण असेल. संडास अंगणाच्या टोकाला, रात्री बॅटरी घेऊन जायचं, एकदा दाराच्या चौकटीवर विंचू निघाला. हिचे गुडघे दुखतात, तिथे कमोड नाही, बसवू म्हटलं तर पाण्याची टाकी उंच नाही. या गोष्टी ऐकायला लहान वाटतात पण रोज चार वेळा समोर येतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दुपारी दीडच्या सुमाराला जिभाऊंच्या छातीत दुखायला लागलं. घामाने बनियन ओलं. १०८ ला फोन केला, गाडी आली, तिला दोष देत नाही, ती जेवढ्या लांबून येणार तेवढा वेळ लागणारच. चोपड्याला नेलं, तिथून जळगावला पाठवलं, पोचेपर्यंत पावणेपाच. तीन तास उलटून गेले होते. जिभाऊ वाचले, स्टेंट घातली, आता बरे आहेत, शेतात जातात. पण डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की छातीच्या दुखण्यात पहिला तास महत्त्वाचा असतो, आणि मी त्या रात्री दवाखान्याच्या बाहेर पायरीवर बसून त्या पहिल्या सीटवरच्या माणसांचे चेहरे आठवत होतो.

अजून एक, जे मला तेव्हा दिसलं नाही, हिने नंतर सांगितलं. गावात मी पारावर बसायचो, मला दहा माणसं बोलायला होती. ही मात्र वहिनीच्या स्वयंपाकघरात होती. वहिनी फार मायेची, पण ५६ व्या वर्षी दुसऱ्या बाईच्या चुलीपुढे, मीठ कुठे ठेवलंय हे विचारून स्वयंपाक करायचा. तिच्यासाठी ते गाव माझं होतं, सासर होतं. २२ वर्षं तिने स्वतःचं स्वयंपाकघर चालवलं होतं.

पावसाळा लागला आणि आम्ही सुरतला गेलो. आपल्याकडच्यांना सांगायला नको, उधना, लिंबायत, पांडेसरा या भागात इतके खानदेशी आहेत की भाजीवाल्याशी अहिराणीत भाव करता येतो, कळण्याचं पीठ मिळतं, शेवभाजी मिळते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशची देवी कानबाई बसली, रोट झाले, रात्रभर गाणी, सोमवारी वाजत-गाजत विसर्जन, इतकी गर्दी की गावापेक्षा जास्त. आमच्या गावावरून वाहणारी तापी पुढे सुरतेलाच समुद्राला मिळते, मी संध्याकाळी पुलावर जाऊन उभा राहायचो.

सूनबाई चांगली आहे हे आधी लिहितो कारण पुढचं वाचून कोणी गैरसमज करून घेऊ नये. मुलगा कापडाच्या प्रोसेस हाऊसमध्ये सुपरवायझर, बारा तासांची शिफ्ट. सून शिवणकाम घेते. नातू शाळेत. चौथा मजला, लिफ्ट महिन्यातून चार-पाच दिवस बंद. दोन खोल्यांत पाच माणसं, रात्री हॉलमध्ये गाद्या टाकल्या की दार उघडायला जागा नाही, नाईटवरून मुलगा आला की आम्ही दोघं पहाटे पाचला गॅलरीत जाऊन बसायचो म्हणजे त्याला झोप मिळेल. कोणी काही बोललं नाही. पण सूनबाई आमच्यासमोर मोकळी बसत नव्हती, टीव्हीचा आवाज कमी करायची, मैत्रिणीचा फोन आला की जिन्यात जायची. तिचंही ते घर आहे ना. आणि ही, जी धुळ्यात एकटी बाजारात जायची, बँकेत जायची, ती तिथे गुजराती पाट्या वाचता येत नाहीत म्हणून कुठेच एकटी जाईना. तीन महिन्यांत ती सोसायटीच्या गेटबाहेर एकटी फक्त दोनदा गेली, मी मोजलंय.

पैशाचंही लिहितो, कारण यावर कोणी मोकळं बोलत नाही. एसटीवाल्यांना शिक्षक-तलाठ्यांसारखी पेन्शन नसते, आम्ही ईपीएस ९५ मध्ये, म्हणजे पीएफवाल्यांच्या पेन्शन योजनेत. नोव्हेंबर १९९५ ला योजना सुरू झाली, तेव्हापासूनची नोकरी धरतात, पगार कितीही असो हिशोबाला आधी ६,५०० आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपयेच धरतात, त्याला वर्षांनी गुणून ७० ने भागायचं. मला चार हजाराच्या आतबाहेर बसली. माझ्यानंतर हिला त्याच्या निम्मी. ग्रॅच्युइटी आणि पीएफच्या पैशातून १० लाख पोस्टात सीनियर सिटिझन स्कीममध्ये टाकले, ६० व्हायला दोन वर्षं होती पण ५५ नंतर रिटायर झालेल्याला पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत टाकता येतात, तेव्हा व्याज ८.२ टक्के, दर तीन महिन्यांनी २०,५०० येतात. म्हणजे पेन्शन धरून महिन्याचे दहा हजार आणि वर थोडे. बाकीचे दवाखान्यासाठी एफडीत, त्याला हात लावायचा नाही. सुरतला भाडं लागत नव्हतं हे खरं, पण महात्मा फुले जनआरोग्य योजना, जी आता ५ लाखांपर्यंत आहे, ती आपल्या महाराष्ट्रातल्या दवाखान्यांची. हिला एसटीत अर्धं तिकीट आहे ते पण इकडेच. रेशनकार्ड इकडे, पोस्टाचं खातं इकडे.

मग मी धुळ्याचं धरून बसलो. ओळखीचं शहर, मेडिकल कॉलेज आहे, देवपूरच्या गल्लीत सगळे ओळखतात. पण धुळ्याला रेल्वे म्हणजे चाळीसगावकडे जाणारी लाईन, सुरतला जायचं तर नवापूरवरून बस, कोंडाईबारीचा घाट, पाच-सहा तास बसून पाठ धरते. आता जमतं, पुढे जमणार नाही. शिवाय घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, त्यांना खोल्या हव्या होत्या, त्यांनी कधी जा म्हटलं नाही पण कळतं.

नवरात्राच्या आधी धुळ्यात परत आलो होतो, एका रात्री मी वही घेऊन बसलो, चार रकाने, दवाखाना, पाणी, भाडं, माणसं. ही भाजी निवडत होती. मी सहज विचारलं, तुला कुठे राहायचंय? हिचा हात थांबला. ३३ वर्षांच्या संसारात हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला होता. बदली झाली की सामान बांधलं, मी म्हणेन तिथे, कधी चोपडा, कधी शिरपूर, कधी धुळं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तुम्ही नही ऱ्हायनात ते मी कोठे ऱ्हासू, ते देखा." मी नसेन तेव्हा ती कुठे राहील, ते बघा. रागाने नाही म्हणाली, मेथी निवडता निवडता म्हणाली.

त्या रात्री झोप लागली नाही. कारण वहीतले चारही रकाने मी दोघं आहोत असं धरून काढले होते. मी तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, बीपीची गोळी मला, तंबाखू २० वर्षं मी खाल्ली. घराकडे बघा ना, आपल्या नात्यात, गल्लीत, मागे राहिलेल्या बायाच जास्त आहेत. आणि त्या कुठे आहेत? नवऱ्याने निवडलेल्या जागी. त्याच्या गावाला, त्याच्या भावाच्या दारात, नाहीतर मुलाच्या हॉलमध्ये. मी मुक्कामी गाड्यांवर ज्या म्हाताऱ्या एकट्या घरात बघितल्या त्यातल्या कितीकांचं माहेर दुसऱ्या तालुक्यात होतं, आणि नवरा गेल्यावर त्या गावाशी त्यांचं नातं फक्त नावापुरतं उरलं होतं. मी नवीन पान काढलं आणि वर एकच ओळ लिहिली, ती एकटी असताना. मग एकेक ठिकाण त्या ओळीखाली ठेवून बघितलं. गाव गेलं. सुरत गेली. धुळं निम्मं राहिलं.

आणि अमळनेर आलं. तिथे हिचं बालपण गेलं, धाकटी बहीण पानखिडकीजवळ राहते, शाळेतल्या दोन मैत्रिणी आहेत, संत सखाराम महाराजांच्या वाडीत लहानपणापासून जाणं-येणं, कोणत्या बोळातून गेलं की बाजार लवकर येतो हे तिला डोळे मिटून माहीत. माझ्यासाठी अमळनेर म्हणजे सासुरवाडी आणि एक स्टँड, जिथे मंगळवारी मंगळग्रह मंदिराच्या गर्दीने गाड्या फुल्ल जातात. जावयाने सासुरवाडीत राहायला जाणं आपल्याकडे चांगलं समजत नाहीत. जिभाऊंना फोनवर सांगितलं तेव्हा ते गप्प झाले. माझ्या एका जुन्या ड्रायव्हर दोस्ताने तर तोंडावर म्हटलं की लोक काय म्हणतील. मी त्याला शांतपणे सगळं सांगितलं, पेन्शनचं, निम्म्याचं, मेथीचं. तो नंतर घरी जाऊन बायकोशी बोलला म्हणे.

दसऱ्याला दोन खोल्या घेतल्या, तळमजला, स्टेशनपासून चालत १५ मिनिटं, ४,५०० भाडं, कमोड आहे. सुरत-भुसावळ लाईनवर असल्याने सकाळी गाडीत बसलं की दुपारच्या जेवणापर्यंत मुलाकडे, बसून, संडासाची सोय असलेल्या डब्यात. तापीचा पूल ओलांडला की चोपडा, तिथून आमचं गाव, एसटी आहेच. मोठ्या दुखण्याला धुळं एक तासावर, आणि रोजचे डॉक्टर चालत जाण्यासारखे. अमळनेरला सगळं चांगलं आहे असं नाही. पाणी रोज येत नाही, काही दिवसांनी येतं, टाकी नसेल तर हाल. आमच्या गावी केळीचे मळे, हिरवंगार, आणि इकडे कोरडवाहू, कापूस आणि बाजरी, उन्हाळ्यात बोरी नदीचं पात्र नुसती वाळू. घर धाब्याचं नाही, स्लॅब आहे, मे मध्ये रात्री बाराला पण भिंत गरम. कूलर घेतला, त्याला पुन्हा पाणी. हे सगळं आम्ही उन्हाळा काढून बघितलंय, ऐकून नाही.

पण मी जे बघितलं ते असं की दिवाळीनंतर ही सकाळी एकटी बाहेर पडायला लागली. मला सांगून जात नव्हती, म्हणजे सांगायची गरज तिला वाटत नव्हती. बहिणीबरोबर भजनात, मैत्रिणीकडे बिबड्या करायला, पोस्टात. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा बोरीच्या पात्रात भरते, एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी, या वर्षी ती मला हात धरून गर्दीतून नेत होती, आपण लहानपणी इथे बसायचो, इथे पाळणा असायचा, असं दाखवत. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला यातलं काही माहीत नव्हतं. एकदा मी तीन दिवस गावाला जाऊन राहिलो मुद्दाम, तिला एकटी ठेवून. परत आलो तर टाकी भरलेली, गॅस सिलेंडर बदललेला, आणि शेजारच्या मास्तरीणबाई आमच्याकडे चहा पीत बसलेल्या.

मुलाला वाईट वाटलं होतं, तो म्हणाला, "पप्पा, लोक म्हणतील आईबापाला सांभाळत नाही." त्याला म्हटलं, तू महिन्यातून एकदा ये, आम्ही दोन महिन्यांतून एकदा येतो, कानबाईला आठ दिवस राहू, आणि जेव्हा खरंच उचलायची वेळ येईल तेव्हा तूच आहेस. आता तो येतो तेव्हा नातवाला घेऊन येतो, नातू आजीबरोबर बाजारात जातो. सूनबाई दोन दिवस इथे राहते तेव्हा खळखळून हसते, सुरतला आम्ही तिचं हसणं ऐकलं नव्हतं.

गावचं घर आहे तसंच आहे. या पावसाळ्याआधी मी आणि पुतण्याने मजूर लावून खारी टाकून घेतली, पैसे आम्ही दोन्ही भावांनी निम्मे दिले. आखाजीला आम्ही तिथेच होतो, जिभाऊ आता अमळनेरबद्दल काही बोलत नाहीत, उलट तपासणीला धुळ्याला जाताना एक रात्र आमच्याकडे थांबतात.

साल भरलं म्हणून देवपूरच्या खोल्या सोडल्या, सामान टेम्पोने आणलं. अमळनेरच्या घरमालकाने ११ महिन्यांचा करार नव्याने करायचा म्हटलं, नाव काय टाकू विचारलं, मी म्हटलं हिचं टाका. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा हिच्याकडे, आणि लिहिलं. हिने चष्मा लावून सगळी पानं वाचली, एका जागी पाणीपट्टी कोण भरणार ते लिहिलेलं नव्हतं ते तिने दाखवून दिलं, ते लिहून घेतलं आणि मग सही केली. उद्या नळाला पाणी येणार आहे, पहाटे चारला, आज रात्रीच टाकी घासून ठेवायची आहे म्हणून ही आतून हाक मारतेय, तर इथे थांबतो.